काकाच्या ट्रकचं डोस्कं मी बदललं

माझ्या लग्नाला मी सोडून सगळे वेळेवर पोहोचले होते.

बहात्तरचा दुष्काळ संपून दोन वर्षं झाली होती आणि मी बी.एस्सी. होऊन एक. आमच्या इंझोरीत आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर मीच. माझ्या बाबांना सही येत नव्हती, पण "बीएस्सी" हा शब्द ते असा म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, हे काहीतरी कलेक्टरच्या वरचं पद आहे. गावात कोणाचा रेडिओ बंद पडो, कोणाची म्हैस आटो, लोक मलाच बोलवायचे. मी जायचो. रेडिओ बंदच राहायचा, म्हैसही आटलेलीच राहायची, पण माझा मान वाढायचा.

मुलगी मेडशीची. नाव सुमन. तिचे वडील शाळेत गुरुजी. सोयरीक जमली तेव्हा त्यांनी एकच अट घातली, आणि ती हुंड्याची नव्हती.

"आपल्यात मुहूर्त नाही," गुरुजी म्हणाले. "ज्याहिचा मुहूर्त असते, त्याहिची वेळ चुकली तं भटजीवर ढकलता येते. आपण कोणावर ढकलाव? पत्रिकेत अकरा म्हंजे अकरा. बाराले येणारे लोक मले चालत नाहीत."

"अकराले पाच कमी असताना दारात उभा राहीन जी," मी म्हणालो. (एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती.) "विज्ञानाचा माणूस आहे मी."

आता वऱ्हाड न्यायचं होतं किसनकाकाच्या ट्रकमधून. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. शाळेची पायरी चढलेला नाही, पण ट्रकशी त्याचं बोलणं चालायचं. ट्रक विलायती, पेट्रोलवर चालणारा, माझ्यापेक्षा वयानं मोठा. त्यात इंजिनाशेजारी एक काळी डबी होती. मिस्त्री लोक तिला कटऔट म्हणत. काका म्हणायचा डोस्कं. डायनॅमोत वीज तयार झाली की ती बॅटरीत कधी सोडायची आणि कधी अडवायची, हे ती डबी ठरवायची. म्हणजे ठरवायला पाहिजे होतं. ती म्हातारी झाली होती. अधूनमधून तिला काही सुचेनासं व्हायचं, मग काका खाली उतरून पान्ह्याच्या दांड्यानं तिला हलकेच टक्क करायचा आणि म्हणायचा, "ऊठ माय, मंगरूळ आलं." ती उठायची.

लग्नाला जाताना नवरदेवाचा ट्रक असा टकटक करत न्यायचा? मी अकोल्याला जाऊन नवीन कटऔट घेऊन आलो.

"बसवाले मिस्त्री बोलावतो," काका म्हणाला.

बाबांना ते लागलं. "घरात बीएस्सी माणूस असताना मिस्त्री कायले रे?"

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मी बॉनेट उघडलं. अर्धी वस्ती गोळा झाली. गयाआत्यानं तर बसायला पोतंच अंथरलं. मी डबी बदलली. तारा होत्या तशा जोडल्या. दहा मिनिटांत काम झालं. इथेच मी बॉनेट लावलं असतं, तर ही गोष्ट मला लिहावी लागली नसती.

पण माझी नजर बॅटरीवर गेली. बॅटरीची अधिक खुणेची तार ट्रकच्या सांगाड्याला जोडलेली! आमच्या पुस्तकातल्या प्रत्येक चित्रात सांगाड्याला उणे होतं. मी कंबरेवर हात ठेवून सभोवार पाहिलं.

"काका, एवढी वर्षं तुम्ही उलटी गाडी चालवून राह्यले."

काका म्हणाला, "मले तं सीधीच नेत होती बा."

मी बॅटरीच्या तारा अदलाबदल केल्या. आता, तारा जिथं अडकवतात ती बॅटरीची दोन बोंडं सारखी नसतात. एक जाड, एक बारीक. त्यामुळे एका तारेची कडी सैल झाली, तिच्यात मी डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून कोंबला. दुसरी बसेचना, ती हातोडीनं ठोकून फाकवली. कोणी शहाणा माणूस असता तर त्याला वाटलं असतं की कडी आणि बोंड जुळत नाही त्या अर्थी बनवणाऱ्याला काही सांगायचं असेल. मला वाटलं, बनवणारा चुकला.

काकानं हॅन्डल मारलं. ट्रक सुरू झाला! हॉर्न वाजला, दिवे लागले. बाबांनी सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू वीज त्यांच्याच मुलानं शोधली आहे. फक्त काका समोरच्या, वीज दाखवणाऱ्या काट्याकडे बघत होता.

"काटा तिकडं काहून पळून राह्यला रे?"

"आधी उलटा पळत होता, काका."

 काकानं जुनी डबी मात्र फडक्यात बांधून सीटखाली ठेवली.

सकाळी लवकरच आम्ही निघालो. मागे तीस माणसं, पुढे काका, मी आणि गयाआत्या. मी पांढरा शर्ट, पांढरी पँट, खिशात पेन. मंगरूळपर्यंत ट्रक फटफट करत खोकत गेला. शेलूबाजारला चहाला थांबलो तेव्हा आत्या नाक वर करून म्हणाली, "कोणाची तरी भाकर करपून राह्यली."

"हॉटेलातली असन," मी म्हणालो.

मालेगाव मागे पडलं तरी भाकर करपतच होती. आता हॉटेल कुठेच नव्हतं. मग बॉनेटच्या फटीतून धूर आला आणि ट्रक एक लांब उसासा टाकून रस्त्याच्या कडेला थांबला. मेडशी दोन-तीन कोसांवर. घड्याळात सव्वादहा.

बॉनेट उघडलं. नवी कोरी डबी विस्तवात भाजलेल्या वांग्यासारखी झाली होती. तिच्यापायी बॅटरीही जवळजवळ रिकामी. तीस माणसांनी ट्रक ढकलला. ट्रक ढकलला गेला, सुरू झाला नाही.

मी आत डोकं घातलं आणि पुस्तकातली चित्रं आठवू लागलो. तेवढ्यात मागून अकोल्याची एसटी आली. बाबांनी रस्त्यात उभं राहून ती अडवली.

"लग्नाचं वऱ्हाड हाये, अकराले पोहोचाचं हाये," बाबा म्हणाले.

"एवढी माणसं कुठं कोंबू?" कंडक्टर म्हणाला. "अर्धे टपावर चढा. नवरदेव कुठी हाय?"

"समोर असन," मागचे म्हणाले.

"मांगं असन," समोरचे म्हणाले.

गयाआत्यानं माझ्यासाठी खिडकीजवळची जागा रुमाल टाकून धरली, आणि त्या जागेसाठी ती कंडक्टरशी मेडशीपर्यंत भांडली. मी बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं तेव्हा मला एसटीची पाठ दिसली आणि टपावर बसलेले आमचे वाजंत्री. त्यांनी सनई सुरू केली होती.

रस्त्यावर उरलो मी आणि काका. काकानं शांतपणे बिडी पेटवली.

"तुहं शास्त्र संपलं असन तं माही गाडी मले दे."

मी बाजूला झालो. त्यानं पत्रा काढून फेकला, तारा होत्या तशा जोडल्या, सीटखालून फडकं काढलं आणि जुनी डबी बसवली.

"ठेवली होती तुम्ही?"

"नव्याचा भरवसा नव्हता," तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून, "डबीचा म्हणून राह्यलो."

बॅटरीत उरलासुरला जीव होता. हॅन्डल मारायचं काम नवरदेवावर आलं. वीस-पंचवीस वेळा मारलं. पांढऱ्या शर्टाचा रंग कुठला तेही सांगता येईना. शेवटी काकानं डबीला पान्ह्याच्या दांड्यानं टक्क केलं, "ऊठ माय, पोराचं लगन हाये," आणि ती उठली.

इकडे मेडशीत वऱ्हाड अकराला दहा कमी असताना उतरलं होतं. गुरुजी खूश! त्यांनी मांडवात शाळेतलं लंबकाचं घड्याळ आणून टांगलं होतं. त्याच्याकडे बोट दाखवून ते पाहुण्यांना म्हणाले, "पाहा, याले म्हणतात शिकलेलं घर." मग हार घेऊन नवरदेवाला शोधू लागले. आमची तीस माणसं एकमेकांच्या मागे पाहू लागली. गयाआत्या रिकामा रुमाल हातात धरून उभी.

मी पोहोचलो तेव्हा माझ्या मनगटावर साडेअकरा वाजून गेले होते. मांडवाच्या तोंडाशी गुरुजी उभे. रस्ताभर मी पंक्चरची एक चांगली गोष्ट रचली होती, पण त्या माणसासमोर ती निघेना.

"गुरुजी, मी बॅटरी उलटी जोडली."

"काहून?"

"पुस्तकात तशी होती जी."

"गाडीत कशी होती?"

"बराबर होती."

गुरुजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मला वाटलं, सोयरीक संपली, ट्रकमध्ये बसून परत जावं, तोही सुरू झाला तर. मग ते सावकाश वळले आणि घड्याळाकडे पाहिलं. अकराला पाच कमी होते! लंबक जागच्या जागी उभा. गुरुजींनी स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळावर बाही ओढली.

"वेळेवर आले," ते म्हणाले. "हात धुवून घ्या."

बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, काका दोन वेळा जेवला. फोटोवाल्यानं मला हात पाठीमागे घ्यायला लावले. साबणानं त्यांचं काळं निघालं नव्हतं.

चार दिवसांनी मी सुमनला विचारलं, "घड्याळ तू थांबवलं?"

"हो."

"कसं काय?"

"लंबकाले बोट लावलं. उघडून नाही पाह्यलं," ती म्हणाली.

तेव्हापासून आमच्या घरातली वाटणी ठरलेली आहे. विजेचा शोध, विजेचे नियम, वीज म्हणजे काय, हे सगळं येणाऱ्या-जाणाऱ्याला मी समजावून सांगतो. टॉर्चमधले सेल ती टाकते. ती मॅट्रिक नापास आहे.