तारल्यांच्या बर्फातलं औषध

बाल्डोमामा फेरीबोटीवरून दोर फेकायचा तेव्हा धक्क्यावरचा माणूस खिशातून हात काढायचासुद्धा नाही. गरजच नसायची. दोराचा फास हवेत एक गिरकी घेऊन खांबाच्या डोक्यावर अलगद बसायचा, आणि परदेशी पाहुणे टाळ्या वाजवायचे. मामा तिकडे बघायचाच नाही. पण परत येताना तोच फास जरा जास्त उंच जायचा, हे आम्हाला सगळ्यांना दिसायचं.

तो माझ्या आईचा धाकटा भाऊ. चाळिशी उलटलेली, पोट जरा सुटलेलं, उजवा हात मात्र पंचविशीतच राहिलेला. निदान दिसायला. कारण उन्हाळ्यात त्याच हाताने तो आमच्या खाडीसाठी चेंडू फेकायचा. आमच्या किनाऱ्यावर प्रत्येक खाडीचा आपला वॉटरपोलोचा संघ असतो, आणि सामने समुद्रातच होतात. तरणतलाव शहरातल्या लोकांना. धक्क्याजवळ दोन गोल बांधायचे, कडेने तरंगत्या डब्यांची रांग सोडायची, आणि बाल्कन्यांमधल्या म्हाताऱ्या पंचाच्या खानदानाचा उद्धार करायला मोकळ्या.

पाण्यात खेळताना घालायच्या टोपीवरचा आकडा ज्याचा त्याचा. मामाचा चार, त्याआधी त्याच्या बापाचा चार. नियम कुठे लिहिलेला नाही, पण मोडायची कुणाची हिंमत नाही: हंगामात एका सामन्यापुरती जरी टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर गेली, तर ती त्याची झाली. मग मागायची नाही. चारच्या टोपीवर येरोचा डोळा होता. येरो वेटर, तिशीचा, गुडघा अधू पण हात तगडा. तो मामाला रोज सकाळी अगदी प्रेमाने विचारायचा, "काय काका, आज झोपेत कूस बदलता आली का?"

प्रश्न खोचक होता, पण खोटा नव्हता. मामाचा खांदा वाजायचा. ओलं कापड पिळताना लाकडी दांडा करकरतो तसा. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून सांगितलं होतं की आतली शीर जुन्या दोरासारखी विसविशीत झालीय, शस्त्रक्रिया करू, मग वर्षभर काही फेकायचं नाही, आणि वर्षानंतरचं वर्षानंतर बघू.

"वर्षभर फेकायचं नाही, तर मी बोटीवर काय करू, तिकिटं फाडू?" मामा म्हणाला.

"फाड," देसामामी म्हणाली. "त्याला खांदा लागत नाही."

मामी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिचं बोलणं पळीने ताटात वाढल्यासारखं असतं. एकदाच, मोजकं, आणि परत मागायला जायची सोय नाही.

मामा डॉक्टरीणबाईंकडे परत गेला नाही. तो तोंचीकडे गेला. तोंचीची बंदराजवळ व्यायामशाळा आहे. तो बोलताना समोरच्याच्या दंडावर बोट आपटत राहतो, जणू आत कुणी आहे का ते बघतोय, आणि सगळ्यांना सोन्या म्हणतो. पोस्टमनही सोन्या, पाद्रीही सोन्या. त्याने मामाला पेप्टाइड नावाच्या औषधाबद्दल सांगितलं. छोट्या बाटलीत तळाला पांढरी चकती, त्यात पाणी सोडायचं, बारीक सुईने आपलं आपण टोचायचं. डॉक्टर देत नाहीत, कारण अजून तपासण्या चालू आहेत, आणि तपासण्या कधी संपतच नाहीत.

"उंदराची तुटलेली शीर जुळते यानं, सोन्या," तोंची म्हणाला. "तू उंदरापेक्षा कमी आहेस का?"

बाटली घरी आली तेव्हा मामीने चष्मा लावून तिच्यावरची चिठ्ठी मोठ्याने वाचली. फक्त प्रयोगशाळेसाठी. माणसांसाठी नाही. मामाने समजावलं की हे असं लिहावंच लागतं, सगळेच लिहितात, त्याला काही अर्थ नसतो. मामीने बाटली त्याच्या हातात परत दिली. या फ्रीजमध्ये कोबी राहील, बटाट्याची भाजी राहील, पण माणसांसाठी नाही असं जिच्यावर लिहिलंय ती वस्तू राहणार नाही, असं तिने सांगितलं आणि फ्रीजचं दार लावलं.

औषध तर थंड ठेवायला हवं होतं. मग मामाने आमच्याकडच्या कुणालाही सुचलं असतं तेच केलं. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आपल्या होडीवरच्या पेटीत ठेवली, तारल्यांच्या बर्फात. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. ज्या बर्फातली मासळी आपण खातो तो बर्फ घाण कसा असेल? आमच्याकडे बर्फ स्वच्छ, घरची पाला घातलेली दारू त्याहून स्वच्छ, आणि सगळ्यात स्वच्छ समुद्र. पाय कापला, समुद्रात बुडव. डोळे आले, समुद्राने धू. मामा पिशवीतून बाटली काढायचा, पिशवीत साठलेलं बर्फाचं पाणी निथळून टाकायचा, रबरी बुचावर दारूचं बोट फिरवायचा, उरलेला घोट प्यायचा, पोटाची वळी चिमटीत धरून टोचायचा, आणि तसाच पाण्यात उडी मारायचा.

आणि गुण आला. खोटं कशाला बोलू, आला. जूनमध्ये तो दोन्ही हातांनी शर्ट काढायला लागला. जुलैमध्ये खांदा वाजायचा थांबला. येरोचा सकाळचा प्रश्न बंद झाला. तोंची जो भेटेल त्याला मामाचा हात वर करून दाखवायला लागला, मुष्टियुद्धातल्या विजेत्याचा दाखवतात तसा. खूश नव्हती ती एकटी मामी.

"वाजायचा तेव्हा निदान कळायचं, आत काय चाललंय ते," ती माझ्या आईला म्हणाली. "आता तिथे सगळं कसं गप्प आहे."

भर उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, आमचा संघ उपांत्य फेरीत पोचला; सामना डोंगरापलीकडच्या खाडीशी. त्या खाडीशी आमचं तीन पिढ्यांचं वाकडं, लग्नंसुद्धा होत नाहीत. तोंचीने मामाला सांगितलं की आता थेट दुखऱ्या जागीच टोचायला हवं. आग स्वयंपाकघरात लागलीय तर पाणी अंगणात कशाला ओततोस, सोन्या. मामा होडीच्या छोट्या केबिनमध्ये आरशासमोर उभा राहिला आणि डाव्या हाताने सुई उजव्या खांद्यात, पुढच्या बाजूने, खोल घातली. रोज. सिरिंज रोज नवी नसायची.

सामन्याच्या दोन दिवस आधी खांदा गरम झाला. मामाने तोंचीला फोन केला. तोंची म्हणाला, उत्तम, तिकडे रक्त धावतंय, काम चालू आहे. मामाला इतका आनंद झाला की धक्क्यावर त्याने सगळ्यांना हात लावून बघायला लावलं. एकेक जण कलिंगड पारखावं तसा तळहात ठेवत होता आणि मान डोलवत होता. येरोने हात ठेवला आणि झटकन काढून घेतला. गोलरक्षक म्हणाला, यावर अंडं तळता येईल. सगळे हसले. मामा सगळ्यात जास्त हसला, पण हसताना त्याने डाव्या हाताने उजवं कोपर खालून उचलून धरलं होतं.

आदल्या दिवशी तो सुपाचा चमचा डाव्या हाताने धरून बसला होता. बाहेर डांबर वितळत होतं आणि त्याच्या अंगात लोकरीचा स्वेटर. दातावर दात आपटत होते. खांद्याची कातडी लाल, ताणलेली, चकाकणारी. मामीने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

"उद्या सामना झाला की जाऊ," मामा म्हणाला.

"आत्ता."

"आत्ता गेलो तर उद्या टोपी येरोच्या डोक्यावर जाईल. मग ती परत मिळायची नाही."

"आणि हात गेला तर? तो कुणाकडे परत मागशील?"

मामाने डाव्या हाताने सूप ढवळलं. "हात माझाच आहे, देसा," तो म्हणाला. "टोपी खाडीची आहे."

मामीने किल्ली उचलली नाही. ती तशीच टेबलावर राहिली.

सामन्याच्या संध्याकाळी पाण्यात उतरल्यावर मामाचा चेहरा सैल झाला. तापलेल्या अंगाला पाण्याने बरं वाटलं असणार. सुरुवातीलाच त्याने गोल मारला. सगळ्या बाल्कन्या भांडी बडवायला लागल्या. तोंची धक्क्यावर शेजारच्यांच्या दंडांवर बोटं आपटत सुटला.

मग पुढचा चेंडू आला. मामा छातीपर्यंत पाण्याबाहेर उसळला, मान मागे घेतली, सगळं नेहमीसारखं केलं. फक्त हात वर आला नाही. चेंडू तोंडावर आदळला. लोक हसले. एक म्हातारी वरून ओरडली की बाल्डो, अरे झेल, तो काय दोर आहे का. मामा पाठीवर तरंगत राहिला. पलीकडच्या खाडीचे लोक नाटक, नाटक म्हणायला लागले. त्या उबदार पाण्यात त्याचे ओठ निळे पडले होते आणि तो आभाळाकडे बघून काहीतरी मोजल्यासारखं पुटपुटत होता.

सगळ्यात आधी येरो पोचला. त्याने काखेत हात घालून मामाला ओढलं, आणि मामाने असा आवाज काढला की पंचाने शिटी न वाजवताच खेळ थांबला.

खांद्याच्या सांध्यात पू झाला होता. शहरातल्या मोठ्या इस्पितळात सांधा उघडून धुतला, पुन्हा उघडून पुन्हा धुतला. त्याच डॉक्टरीणबाई होत्या. आतून जो जंतू निघाला तो मासळीत आणि समुद्राच्या पाण्यात राहणारा, असं त्यांनी सांगितलं. बाटलीत काय होतं ते त्यांनी विचारलं, तेव्हा कुणालाच सांगता येईना. तोंचीला विचारलं तर तो म्हणाला, मी फक्त उंदरांचं सांगितलं होतं.

हात वाचला. पण सांध्यातलं गुळगुळीत अस्तर खाल्लं गेलं होतं. हात छातीपर्यंत उचलला जाईल, त्याच्या वर नाही, हे डॉक्टरीणबाईंनी स्वतःचा हात उचलून दाखवलं.

"दोर?" मामाने विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मामा भिंतीकडे तोंड करून झोपला.

एका दुपारी येरो आणि गोलरक्षक भेटायला आले, कागदात अंजिरं बांधून. मामी कॉफी आणायला खाली गेली होती. दोघांनी अंतिम सामना कसा हरलो ते सांगितलं, पंचाला शिव्या दिल्या, इस्पितळातल्या जेवणाला नावं ठेवली. मग येरोने गुडघा हळूच लांब केला.

"काका, एक विचारू का? जूनमध्ये, म्हणजे हे सगळं व्हायच्या आधी, खरंच दुखायचं थांबलं होतं ना?"

मामा उशीवर सरळ झाला. कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडावर तरतरी आली.

"काडीचं दुखत नव्हतं," तो म्हणाला. "औषधाची चूक नाहीच. चूक बर्फाची."

त्याने दाराकडे बघितलं. मग गोलरक्षकाला पडदा ओढायला सांगितलं. येरोने शर्ट वर केला आणि पोटाची कातडी चिमटीत धरली. मामाने डाव्या हाताने त्याची बोटं पकडून जराशी खाली सरकवली.

"इथे," तो म्हणाला.