एक फर्माईश

आमच्या कारखान्यातला लेथवरचा टर्नर दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता मोबाइलवर गोष्टी लिहायचा. टीव्हीवरची एक मालिका कधीच संपली होती. त्यातला म्हातारा डॉक्टर आणि त्यानं वाढवलेले दोन पोरगे, एक पोटचा, एक पाळलेला, यांची कहाणी हा पुढं रेटायचा. वाचक फर्माईश धाडायचे, हा पुरवायचा. मूळ मालिकेत मेलेल्या डॉक्टरलाही त्यानं दोनदा उठवून बसवलं.

टर्नरला स्वतःला कारखान्यातल्या जुन्या मिस्त्रीनं वाढवलं होतं, आपल्या पोराच्या बरोबरीनं. तो पोरगा म्हणजे इथंच शेजारी काम करणारा वेल्डर. मिस्त्री मरताना टर्नरलाच हाका मारत गेला आणि पोटचं पोर उशाशी बसून ऐकत राहिलं. त्यानंतर सात वर्षं दोघांत बोलणं नाही.

एका दुपारी निनावी फर्माईश आली. ‘म्हाताऱ्यानं बाकड्यावर दोनदा पाना आपटून एकदा तरी सख्ख्या लेकाला हाक मारावी.’

डॉक्टरच्या हातात पाना कुठला? पाना आपटून पोरांना बोलवायची खोड मिस्त्रीची. टर्नरनं मान वर केली. वेल्डर पाठमोरा बसला होता, मोबाइल हातात.

एका ओळीचं काम होतं. टर्नरनं ती ओळ लिहिली आणि पुसली. अख्ख्या दुनियेत त्याच्या मालकीची तेवढी एक हाक होती.

त्यानं उत्तर धाडलं, ‘मूळ मालिकेत तसं नाही.’

वेल्डरनं ते वाचून मोबाइल खिशात घातला.

“मढी उठवतोस की लेका तू,” भिंतीकडं बघत तो म्हणाला आणि काळी काच तोंडावर ओढून कामाला लागला.