निकालापर्यंत थांब

“तुमचा मानूस कुठवर आला, भाऊ?”

डोक्यावरची पाटी उतरवायच्या आधीच भाभी विचारायची. एक हात पाटीला, दुसरा कमरेवर. उत्तर मिळेपर्यंत पाटी काही खाली यायची नाही.

माझा माणूस म्हणजे इराणच्या राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिलेला सुधारक उमेदवार. रत्नागिरीतल्या एका निवृत्त टेलिफोन कारकुनाचा तो माणूस कसा झाला, हे सांगायचं मी आजवर टाळलं. आळीत भाभीचा विषय निघाला की मी काहीतरी निमित्त काढून घरात जात असे. तिच्याबद्दल लोक जे चांगलं बोलतात ते खरं आहे. त्याच दमात माझ्याबद्दल जे चांगलं बोलतात ते खरं नाही. माझं वय झालं आहे, म्हणून लिहून ठेवतो.

तुमच्यापैकी कुणी आमच्या बाजूला राहत असेल तर त्याने तिला पाहिलं असेल. राजिवड्याहून यायची. उंच, सुकट अंगाची, पायात पुरुषी चपला. मासळी तिची ताजी आणि जीभ त्याहून ताजी. आमच्या हिने भाव पाडून मागितला की म्हणायची, “घेवा, घेवा, फुकट घेवा. तुमच्या मांजरालाव लाज हाय, ता तरी शेपूट हलवून मागता.” हिला त्याचा राग येत नसे. भाभी दोन दिवस आली नाही की हीच फाटकाशी जाऊन उभी राहायची.

तिचा नवरा जुना खलाशी. अर्धांगवायूने खाटेला खिळलेला. मुलगा एकच, आखातातल्या एका लहान तेलवाहू जहाजावर होता. ते जहाज इराणच्या हद्दीत पकडलं. चोरटं डिझेल भरलंय, असं तिथल्या पोलिसांचं म्हणणं. मालक गायब झाला, खलाशी तुरुंगात गेले. आपल्याकडचे बरेच होते त्यात. जहाजात काय भरतात हे भाड्याने राबणाऱ्या पोरांना कोण सांगतो?

आता माझं. मला पेपर वाचायची, त्याहून तो वाचून दाखवायची खोड. पारावर संध्याकाळी आम्ही चार म्हातारे बसायचो. कुठल्या देशात कोण पडणार, कोण येणार, हे मी सांगायचं आणि त्यातल्या नानाने टर उडवायची, हा रोजचा कार्यक्रम. त्या पावसाळ्याच्या तोंडाशी इराणात निवडणूक लागली. उभ्या राहिलेल्यांत एकच सुधारक बाजूचा. जगाशी बोलू म्हणणारा, बायकांवरची सक्ती कमी करू म्हणणारा. मला तो आवडला. मनापासून वाटत होतं की तो यावा. ते खोटं नव्हतं.

आणि एका सकाळी मी भाभीला म्हणालो, “हा माणूस निवडून आला तर तुझा मुलगा सुटला समज.”

हे मी कशाच्या जोरावर म्हणालो? आमच्याकडे निकाल लागला की निवडून आलेल्याने अंगावरचा गुलाल धुवायच्या आधी लोक त्याच्या दारात कागद घेऊन उभे असतात. कुणाचा पोरगा चौकीत, कुणाची बदली, कुणाच्या बागेच्या हद्दीचा तंटा. तो फोन उचलतो, काम होतं. आयुष्यभर मी हेच पाहिलं होतं. तिथेही राष्ट्राध्यक्ष आला की फोन उचलणार, असं मी धरून चाललो. तिथल्या कोर्टावर, तुरुंगांवर त्याचा हात कितपत चालतो, हे पेपरात छापून येत होतं. तेवढं मी तिला वाचून दाखवलं नाही.

तिने मात्र नेमकं विचारलं होतं. “त्याला सांगनार कोन, माझा पोर आत हाय म्हनून?”

“मोठ्या माणसांना सगळं ठाऊक असतं, भाभी.”

“आमच्या सरपंचाला तर स्वताची गटार ठाऊक नाय,” ती म्हणाली आणि हसली. पण दुसऱ्या दिवसापासून तो ‘तुमचा मानूस’ झाला.

पावसाळ्यामुळे बोटी बंद होत्या, त्यामुळे पाटीत सुके बांगडे आणि सोडे असायचे. बांधून द्यायला ती आमच्याकडूनच रद्दी न्यायची. एकदा त्या उमेदवाराचा फोटो असलेलं पान तिच्या हाती आलं. तिने ते बांगड्यांना लावलं नाही. घडी घालून कमरेला खोचलं. “ह्यांच्या खाटेसमोर लावतंय. पडून पडून भिताड बघतात, त्यापेक्षा ह्याला बघूदे.”

पहिल्या फेरीत तो पुढे होता, पण निम्मी मतं कुणालाच नव्हती, म्हणून पुन्हा मतदान ठरलं. भाभी भडकली. “पुढं हाय तर परत कशाला? आमच्या वाडीत असा झाला असता तर काठ्या निघाल्या असत्या!” पारावर नाना मला हाका मारायचा, “या, इराणचे वकील, या!” मला ते आवडायचं. लपवत नाही.

या दोन मतदानांच्या मधल्या दिवसांत ती एकदा संध्याकाळी आली. पाटी नव्हती. मुंबईहून खलाशांच्या संघटनेच्या माणसाचा निरोप होता. अडकलेल्या सगळ्यांसाठी तिकडे वकील उभा करणार होते. घरच्या माणसाने मुंबईत येऊन वकीलपत्रावर सही करायची, म्हणजे सरकारकडे आणि त्या देशाच्या कोर्टात त्या मुलाचं नाव जाणार. अडकलेल्यांची पालीकडची, पावसकडची कुटुंबं एक गाडी करून निघत होती.

“मना लिवता-वाचता येत नाय, भाऊ. ह्ये खाटेवर. तुमी चला माझ्यासंगती. तुमी बोललात की लोक ऐकतात.”

मी गुडघा दुखतो म्हणालो. गुडघा दुखत नव्हता. माझा जावई पोलीस खात्यात. डिझेलच्या चोरीत धरलेल्या मुलासाठी मी मुंबईत कागदांवर साक्षीदार राहायचं आणि उद्या कुणी जावयाला विचारायचं, ही भीती होती. राजिवड्याच्या मुसलमान पोरासाठी मी धावतोय म्हणून आळीत काय बोलतील, हीसुद्धा. जिच्या हातची मासळी आम्ही वर्षानुवर्षं खाल्ली तिच्याबाबत हे माझ्या मनात आलं. गुडघ्याचं तेवढं सांगून थांबलो असतो तरी चाललं असतं. कुणाला तरी शोधून ती गेली असती. पण माझी शहाणा म्हणून असलेली पत जायला नको होती. मी म्हणालो, “आणि जायचं तरी कशाला? निकाल आठवड्यावर आलाय. निकालापर्यंत थांब. माझा माणूस आला की वकील लागणारच नाही. उगाच सह्या करून अडकू नकोस.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “तुमी सांगताव ना?”

“मी सांगतो.”

“मग ऱ्हायला.” ती उठली. हिने दिलेला चहा तिने उभ्यानेच प्यायला आणि गेली. गाडी तिला न घेता गेली.

तो निवडून आला. सकाळी बातमी आली तेव्हा भाभी धो धो पावसात भिजत आली आणि खोबऱ्याच्या वड्या आमच्या हातांवर ठेवल्या. नानाने पारावर माझी पाठ थोपटली. मीही वडी खाल्ली.

गणपतीच्या आधी पालीचा मुलगा घरी आला. मग पावसचे दोघे. ज्यांची वकीलपत्रं होती त्यांची नावं कोर्टापुढे गेली, ते सुटले. भाभी रोज विचारायची, “तुमच्या मानसाला येळ नसंल गावला, न्हाय?” मी म्हणायचो, नवीन आहे, घडी बसायला वेळ लागतो. तिच्या मुलाचं नाव कोर्टापुढे गेलंच नव्हतं, म्हणून कुणी विचारत नव्हतं. मला ते कळलं होतं. शेवटी संघटनेचा माणूसच राजिवड्यात आला आणि वकीलपत्रावर तिचा अंगठा घेऊन गेला.

त्या हिवाळ्यात तिचा नवरा वारला. मी गेलो होतो. खाटेसमोरच्या भिंतीवर ते पान अजून होतं. खांदा द्यायला मुलगा नव्हता, पुतण्यांनी दिला. भाभी मला पाहून म्हणाली, “शेवटपर्यंत इचारत होते, आला काय म्हनून.” मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, म्हातारा हळवा झाला.

मुलगा त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी आला, त्या अंगठ्यामुळे आला. भाभी त्याला घेऊन थेट आमच्या घरी. त्याला माझ्या पायाशी वाकवलं. “भाऊंच्या मानसान सोडवलान तुला. सांगत होते, थोडा उशीर होयल, पन सोडवील.” दारात आळी जमली होती. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हापासून मी आळीत मोठा माणूस आहे.

पुढे मुलगा दाभोळला बोटीवर लागला आणि तिलाही घेऊन गेला. एकदा ठरवून मी तिकडे गेलो. ती थकली होती, पण ओट्यावरूनच शेजारणींना ओरडून सांगू लागली, “हेच ते भाऊ, माझ्या पोराला सोडवलेले!” मी म्हणालो, “भाभी, त्या मुंबईच्या गाडीचं तुला सांगायचं आहे.” ती म्हणाली, “जावंदे वो ता जुना. बांगडे ताजे हायत, जेवून जावा.” मी जेवलो. मुलाने मला धक्क्यापर्यंत पोचवलं.

ती गेल्याचं त्यानेच फोनवर कळवलं. त्यालाही मी काही सांगितलं नाही. तिला सांगायचं होतं ते एवढंच होतं: भाभी, मला कसलीच खात्री नव्हती. मी घाबरलो होतो, म्हणून तुला थांबवलं. तू त्या गाडीने गेली असतीस तर त्याच्या बापाने त्याला पाहिलं असतं. मला माफ कर.