बिनवशिंडाचा बैल

पाडव्याला काहीतरी नवं सुरू करायचं, ही माझी जुनी खोड. एका पाडव्याला क्रोशाचं तोरण विणायला घेतलं, ते चार फुलांवर थांबलं. पुढच्या पाडव्याला मण्यांचा मोर, त्याला पिसाराच आला नाही. मग उशांचे अभ्रे, मग आणखी काय काय. सगळं एका पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवलेलं. डोक्यात कल्पनांना तोटा नव्हता, पण एक पुरी होण्याआधी दुसरा पाडवा यायचा.

सासूबाईंना याची भारी गंमत वाटायची. शेजारीण आली की माझ्यादेखत सांगायच्या, "आमच्या सुनेचं सगळं चालूच असते बाई. झालं म्हनून काईच नसते." मी चहा ठेवायला आत वळायची. त्या खोटं बोलत असत्या तर मला एवढा राग आला नसता.

तेलुगू मुलखातल्या इचोड्याला हमरस्त्यालगत आमचं किराणा दुकान. शेत नाही, बैल नाहीत, म्हणून पोळ्याला मातीची जोडी आणायची, पाटावर मांडायची आणि पुजायची. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. त्या पाडव्याला गुढीसमोरच मी बोलून बसले, "यंदा पोळ्याचे बैल मी करीन. लाकडाचे."

"काऊन वं, पेटीत ठेवाले?" सासूबाई म्हणाल्या.

"नाही. पाटावर ठेवायला."

"मंग मी मातीचे आनतच नाई. तुये नाई झाले तं पाट रिकामा राहीन. आळीतल्या बाया पाहतीन."

दुपारपर्यंत माझी फुशारकी उतरली.

तशी मी अगदीच हवेत बोलले नव्हते. शेजारी एक म्हातारे राहायला आले होते. उभी हयात त्यांनी निर्मल गावी लाकडी खेळणी करण्यात घालवली होती. सगळी आळी त्यांना ताता म्हणायची, म्हणजे तेलुगूत आजोबा. त्यांची मराठी बोलणारी सून उगादीची, म्हणजे त्यांच्या पाडव्याची, आंबटगोड पचडी घेऊन आली तेव्हा मी तिलाच गळ घातली, आणि ताता तयार झाले. अडचण एकच. त्यांना मराठी येत नव्हती आणि माझी तेलुगू आकड्यांपलीकडे जात नव्हती.

पण हातांना भाषा कशाला लागते, असं मला वाटलं. हलकं, पांढरं लाकूड निर्मलहून आलं. रोज दुपारी त्यांच्या ओसरीवर ताता पटाशी कशी धरायची ते दाखवायचे आणि मी तशी धरायची. महिन्याभरात ठोकळ्यातून पाय निघाले, मान निघाली, पाठीवर छान उंच वशिंड आलं. मी ते कानशीने घासायला घेतलं.

"चालु," ताता म्हणाले.

मला आनंद झाला. गुरू म्हणतो आहे चालू, म्हणजे चालू ठेव! मी जोरात घासू लागले.

"चालु, चालु!"

मी आणखी जोर लावला. ताता उठून उभे राहिले, दोन्ही हात हलवत ओरडले, "चालु! चालु!" एवढं कौतुक माझं जन्मात कुणी केलं नव्हतं. ताता कपाळावर हात मारून खाली बसले तेव्हा कुठे मी थांबले. वशिंड साफ गेलं होतं.

त्यांची सून धावत आली आणि हसता हसता भिंतीला टेकली. "ताई, आमच्यात चालु म्हणजे पुरे! बास!"

बैलाचं गाढव झालं होतं. ते मी पदराखाली घरी आणलं, तरी नवऱ्याने पाहिलंच. "हे कुंभाराचं की धोब्याचं?" म्हणाला. सासूबाई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि पुढे चार महिने आल्यागेल्याला तीच गोष्ट सांगत राहिल्या. त्याच संध्याकाळी मी पेटीचं कुलूप काढलं, गाढव आत टाकायला.

तेवढ्यात ताता स्वतः दारात आले. हातात वाटी, वाटीत चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा कालवलेला. त्यांनी माझ्याकडून ते गाढव घेतलं, पाठीवर लगदा थापला, बोटाने दाबला आणि पुढचं काम माझ्याकडे दिलं. दोन दिवसांनी वशिंड वाळून टणक झालं. पेटीकडे गेलेली माझी पहिली वस्तू परत आली होती.

दुसरा बैल झटपट झाला. पुढे रंगात अडकले. झूल लाल केली, पुसली, हिरवी केली, तीही पुसली. पोळ्याचा दिवस उजाडला. स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं, पाट मांडलेला होता, रिकामा. आणि मी तिसऱ्यांदा झूल पुसायला फडकं उचललं. बाहेर बायांचे आवाज आले. तरी अजून थोडं बरं करता येईल, हे डोक्यातून जाईना. पेटीतलं सगळं याच एका विचारापायी अर्धं राहिलं होतं, हे त्या क्षणी मला लख्ख कळलं, पण फडकं काही सुटेना.

"चालु!" सासूबाई दारातून ओरडल्या.

मी दचकून विचारलं, "आपलं की त्यांचं?"

"तातांचं वं, बाई! ठेव ते फडकं!"

त्यांनी दोन्ही बैल माझ्या हातांतून काढून घेतले, पाटावर ठेवले आणि स्वतः कुंकू लावलं. बाया आत आल्या. एक वाकून पाहून म्हणाली, "निर्मलवरून आनले काय?"

"निर्मलवरून कायले?" सासूबाईंची मान ताठ झाली. "आमच्या सुनेनं केले. झाले बी."

ते 'झाले' ऐकून मला रडूच फुटलं. दुसऱ्या दिवशी पेटी उघडून मी तोरण काढलं, आणि दिवाळीला ते आमच्या दारावर होतं.