डोळे आखताना

पोरीचे केस विंचरायला घेतले की अजून रंगाचा वास येतो. शिकेकाई लावली, साबण लावला, तरी नाय जात. पेणच्या गणपती कारखान्यात स्प्रेचा उग्र, गोडसर वास असतो ना, डोक्यात चढणारा, तोच. तो आला की माझा हात फणीतच थांबतो, आणि मला चित्रकलेच्या बाई आठवतात. त्यांच्या पदराला हाच वास यायचा, आणि आम्ही पोरी त्यांच्याजवळ बसायला भांडायचो.

मी सातवीपर्यंतच शिकले, चुकलं तर समजून घ्या. रोह्याजवळ वरसे गावात आमची शाळा, पण बाई मूळच्या पेणच्या, सुट्टी पडली की अजून तिथल्या कारखान्यात जायच्या. त्यांचा बाप कारखान्यात साचे भरायचा, बाई रांगल्या त्या प्लास्टरच्या पांढऱ्या धुळीतच. जरा मोठ्या झाल्या तशा मूर्ती पॉलिशपेपरने घासायला बसल्या. घासायचं बायांनी, आणि आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम, ते बाप्यांचं. बाईंना तेच हवं होतं. फुटक्या मूर्तींच्या तोंडावर चोरून हात बसवला. बापाने पकडलं तेव्हा तो म्हणाला, "एक डोळा मामाकडे बघतोय, एक मावशीकडे. पुस, परत काढ." हे सांगताना बाई अशा हसायच्या की वाटायचं, जगात याहून मोठं बक्षीस नाय.

आम्हाला सांगायच्या, "डोळा काढताना श्वास रोखायचा गो. श्वास हलला की नजर हलली." आम्ही गाल फुगवून बसायचो, मग कोणीतरी फिस्सकन हसायची आणि अख्ख्या वर्गाचे डोळे तिरळे.

लग्न होऊन मी पेणलाच आले, आणि कारखान्यात घासायच्या कामाला लागले. पोरीला कुठे ठेवणार, ती मूर्तींच्या फळीखाली खेळायची. मग खोकायला लागली. डॉक्टर म्हणाले, धुळीपासून लांब ठेवा. सासू म्हणाली, "आम्ही त्याच धुळीत पोरं वाढवली, मेली काय?" मी म्हटलं, सीझन संपू दे.

तेवढ्यात कळलं की बाई रोह्याला अंथरुणाला खिळल्यात, छाती गेलीय. पोरीला घेऊन एसटीत बसले, गडब गेलं, नागोठणं गेलं, ती खोकतच होती आणि माणसं वळून बघत होती.

बाईंचं नुसतं कातडं उरलेलं. तरी म्हणाल्या, "तू व्हय? आणि ही तुझीच गो, नाक तसंच चपटं." उशाची पेन्सिल घेऊन पोरीचं चित्र काढायला लागल्या. हनुवटी आली, कानावरची बट आली, हात तोच होता. डोळ्यांपाशी आल्या, श्वास रोखला, आणि असा खोकला उसळला की पेन्सिल खाली पडली. दोनदा तसंच झालं.

"नाय जमत. धर, तू आख."

मी पेन्सिल टेकवली, श्वास रोखला. सवयीने बाईंनीपण रोखला. खोली एकदम गप्प झाली, आणि त्या गप्पपणात मला शिट्टी ऐकू आली. बारीक, घासल्यासारखी. पोरीच्या छातीतून येत होती. कारखान्याच्या आवाजात ती मला कधी ऐकूच आली नव्हती.

बाईंनी पण ऐकली. "तिला तिथं नेतेस?"

मी मानेनेच व्हय म्हटलं.

"उद्यापासून नाय."

"पण बाई, तुम्ही तर तिथंच शिकलात."

"व्हय गो," बाई म्हणाल्या आणि छातीवर हात ठेवला. "माझं सगळं तिथलंच."

त्यात राग होता का माया, मला आजपण नाय कळलं.

मी परत कामाला गेले नाय. सासू अजून धड बोलत नाय. गणपती यायच्या आधीच बाई गेल्या. पोरीची शिट्टी कमी झालीय, गेली नाय. अंगणात कोळशाने रेघोट्या ओढत बसते, बोलावलं तरी ऐकत नाय. मी तिला उठवत नाय, नुसती मागे उभी राहून तिची पाठ श्वासाबरोबर वरखाली होताना बघते. चित्रात रंगली की ती खोकायची थांबते, का खोकला दाबून धरते, ते मला कळत नाय, आणि विचारायची भीती वाटते.