डाव्या हाताचं जेवण

लकव्यात उजवा हात गेला तेव्हापासून मला इंग्रजी शब्द फार ऐकावे लागले. धंतोलीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "आता थोडं अ‍ॅडजस्ट करावं लागेल." फिजिओथेरपीवाली पोरगी रोज सकाळी घरी यायची. तिचं एकच, "काकू, मेंदूला री-ट्रेन करायचं आहे, तो अ‍ॅडाप्ट होतो." आमचे हे तर असे शब्द गोळाच करत होते. एक दिवस म्हणाले, "हेच आपलं न्यू नॉर्मल समज." मी उसळले, "डोंबलाचं नॉर्मल! तुमचा हात लुळा पडू द्या, मग सांगा." बोलून झाल्यावर वाईट वाटलं. पण माझं तोंड हे असंच आहे, आधी सुटतं.

खरं सांगते, लिहिणं गेलं, निऱ्या गेल्या, त्याचं मला एवढं काही वाटलं नाही. साडी सोडून गाऊन घातला, झालं. जेवण मात्र जमेना. कुही गावातल्या आमच्या घरात डाव्या हातानं कोणी साधं मीठसुद्धा वाढलं नाही कधी. त्या हाताचं काम वेगळं. आता त्याच हातानं भात कालवायचा, म्हणजे घास तोंडाशी आला की पोटात ढवळायचं. चमच्यानं वरणभात खाल्ला की औषध घेतल्यासारखं वाटायचं. आणि पोळी? एका डाव्या हातानं पोळी तोडून बघा एकदा! ताटभर फिरते मेली.

शेवटी मी माझं ताट आतल्या खोलीत मागवलं आणि दार लोटून जेवायला लागले. सहा महिने कोणासमोर एक घास खाल्ला नाही. बारशी टाळली, भाचीच्या लग्नाला तब्येतीचं निमित्त सांगितलं. चाळीस वर्षं माझ्यासमोर बसून जेवलेला माणूस बाहेर एकटा जेवायचा, टीव्हीचा आवाज मोठा करून. वाटायचं, आता मरेपर्यंत आपण असंच लपून जेवायचं. भीती वाटायची त्याची.

एका रविवारी आमची मुलगी आली आणि न विचारता दार ढकलून सरळ आत. माझ्या गाऊनवर वरण सांडलेलं, पोळीचा तुकडा मांडीवर. मी ओरडले, "बाहेर हो! काहून आली वं आत?"

ती गेली नाही. शेजारी बसली, माझं ताट पुढ्यात ओढलं. "अशी नाही तुटत पोळी. हे पाह्य." डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तिनं पोळीवर दाबली, उरलेल्या बोटांनी तुकडा काढला, भाजीला लावला आणि तोंडात टाकला. इतकं सफाईदार, की मी बघतच राहिले.

"तुले कसं येते वं हे?"

"एकटी असली की मी अशीच जेवते. लहानपणापासून."

माझी ही पोर जन्मापासून डावखुरी. ताटाकडे डावा हात गेला की मी फटका मारायचे, कधी बोटांवर, कधी गालावर. एकदा तर तो हात पदरानं बांधून तिला जेवायला बसवलं होतं. वर्षभरात पोर सुधारली म्हणून सासूबाईंनी माझं कौतुक केलं आणि मीही ते चारचौघांत सांगत फिरले. आणि आज पस्तिशी ओलांडलेली ही बाई नवऱ्यापासूनसुद्धा लपवून जेवते!

"एवढा जाच झाला तुले?" मी विचारलं.

"तुले सारे किती गोड बोलून राहिले आई, अ‍ॅडजस्ट कर म्हणून. मी चार वर्षांची होती."

ती रागानं बोलली असती तर मी भांडले असते. ती साधं सांगत होती, म्हणून फार लागलं. पोटात ढवळतं म्हणून सहा महिने मी घर डोक्यावर घेतलं होतं, आणि हिच्या पोटात काय होत होतं ते मी एकदाही विचारलं नव्हतं.

मी उठले. "चल, बाहेर बसू."

टेबलावर यांच्यासमोर दोघी बसलो. तिचा उजवा हात सवयीनं ताटाकडे गेला.

"डाव्यानं जेव," मी म्हटलं.

ती बापाकडे बघायला लागली.

"त्यांच्याकडे काय पाहून राहिली? जेव म्हटलं ना!"

यांनी टीव्ही बंद केला आणि दोघींच्या ताटात पोळी वाढली. माझी दोनदा ताटाबाहेर गेली. कोणी हसलं नाही, तेव्हा मीच हसले.

जेवणं झाल्यावर ती माझ्या हाताचा व्यायाम घ्यायला बसली. आखडलेली बोटं एकेक करून उघडायची असतात. तिनं माझा हात मांडीवर घेतला. मला राहवेना.

"याच हातानं मारत होती मी तुले."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि पुढचं बोट सरळ करायला लागली.