ब्रेस्लिनांच्या घरची धून

आमच्या मीनबान गावात घरातलं माणूस गेलं की वर्षभर त्या घरात वाद्य वाजत नाही. फिडल, म्हणजे आमचं व्हायोलिन, पेटीत जाते आणि पेटी पलंगाखाली. हल्ली हे कुणी पाळत नाही, तीन आठवड्यांत पोरं पबमध्ये फिडल जुळवत बसतात, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. ऑनर ब्रेस्लिनबाईंनी मात्र पाळलं. आधी बहीण गेली, दहा महिन्यांनी भाऊ गेला, भावाचं वर्ष सरायच्या आत भावजय. सुतकाला सुतक लागत गेलं. पावणेतीन वर्षांनी बाईंनी पेटी ओढून काढली, नव्या तारा चढवल्या, आणि घरच्या धुनेचा तिसरा भाग त्यांना आठवेना.

ही धून त्यांच्या वडिलांनी, हुडी ब्रेस्लिननी, बांधलेली. हुडी रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे आणि संध्याकाळी चुलीपाशी फिडल घेऊन बसायचे. आमच्या बहुतेक नाचाच्या धुनांना दोन भाग असतात, हिला तीन होते, आणि सगळा जीव म्हणे त्या तिसऱ्यात होता. टेप करायला शहरातून माणसं आली की हुडी त्यांना चहा पाजायचे आणि फिडल लपवायचे. मशीनमध्ये शिरलेली धून घरी परत येत नाही, असं त्यांचं म्हणणं. शिकवली ती फक्त दोघांना: ऑनरला, आणि पलीकडच्या घरच्या कॉन्डी गॅलनला, जो त्यांच्याबरोबर दलदलीत जळणाची माती कापायला जायचा.

हुडी वारल्यानंतर कॉन्डीने ती एका लग्नात वाजवली. लोक खूश झाले. आमच्याकडे धून संपली की विचारतात, कुणाकडून घेतलीस? आणि सांगायचं असतं. ज्याच्याकडून घेतली त्याचं नाव धुनेला लागतं. कॉन्डी टाळ्यांनी फुगला होता, नुसता हसला. झालं, लोक तिला ‘कॉन्डी गॅलनची’ म्हणू लागले. बाई भर मांडवात उभ्या राहिल्या. "ती माझ्या बाबांची आहे, चोरा! पुन्हा वाजवशील तर बघ." कॉन्डीने गज खाली ठेवला. त्यानंतर एकतीस वर्षं दोघं चर्चमध्ये दोन टोकांना बसले.

मी नऊ वर्षांची असल्यापासून बाईंकडे शिकले. शेकडो धुना शिकवल्या, ही सोडून. "ब्रोना, तुझी बोटं अजून तयार नाहीत." आता मी सेहेचाळीस वर्षांची आहे, दोन मुलांची आई, आणि बोटं अजून तयार नाहीत! दाराबाहेरून दोन-चारदा ऐकली होती, पण रागाने मुद्दामच लक्ष दिलं नाही. हा माझा मूर्खपणा.

तर त्या दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. पहिला भाग वाजला, दुसरा वाजला, आणि गज तारेवरच थांबला.

"पुढे?" मी विचारलं.

"तुला येतं का पुढचं?"

"मला कुठून येणार? शिकवलंत कधी?"

हे मी फार कडक बोलले. त्यांनी मान खाली घातली, आणि मला माझी जीभ हासडावीशी वाटली.

चार आठवडे त्या घरात तेच चाललं होतं. पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. शेवटी कोंबड्यांना दाणे टाकता टाकता म्हणाल्या, "कॉन्डीला येत असेल." त्या लग्नानंतर ते नाव त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली. मांडीवर फडक्यात गुंडाळलेला गरम सोडा ब्रेड घेऊन बाई कॉन्डीच्या वृद्धाश्रमापर्यंत माझ्या शेजारी बसल्या होत्या.

कॉन्डी खिडकीशी खुर्चीत होता. पक्षाघाताच्या झटक्याने डावा हात लुळा पडलेला. बाईंना बघून म्हणाला, "कोण मेलं?"

"कुणी नाही."

"मग तू कशी आलीस?"

"बाबांची धून हवी आहे. तिसरा भाग. माझ्या डोक्यातून गेला."

 तो तोंडानेच वाजवायला लागला, आमची जुनी माणसं वाजवतात तसं, पायाने ठेका धरून. पहिला भाग स्वच्छ आला. दुसराही आला. बाई पुढे सरकल्या. आणि तिसऱ्याच्या दारात त्याचं तोंड उघडं राहिलं. त्याने पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदाही तिथेच.

"नाही येत."

"ढोंग करू नकोस, कॉन्डी. इतकी वर्षं दार लावून वाजवतच असशील की."

"वाजवायची नाही म्हणालीस ना?"

"अरे, ते लोकांत!"

"लोकांत, असं तू म्हणाली नव्हतीस." त्याने चांगल्या हाताने नाक पुसलं. "गोठ्यातसुद्धा वाजवली नाही, ऑनर. मनात यायला लागली की दुसरंच काहीतरी सुरू करायचो. त्या लग्नात हुडीचं नाव घ्यायला हवं होतं मी. घेतलं नाही. तेव्हा निदान तुझं तरी ऐकावं म्हटलं."

बाईंनी फडकं सोडलं, ब्रेडचा तुकडा कापला, लोणी लावून त्याच्या हातात दिला.  

परतताना पुलाजवळ त्या म्हणाल्या, "मी मारली गं ती."

"असं काय बोलता? दोघंही विसरलात."

"मी विसरले. त्याला मी विसरायला लावलं."

 

फेब्रुवारीत कॉन्डी गेला. सुतकाचा नियम मोडून, त्याच्या उशाशी बसून बाईंनी ते दोन भाग वाजवले, आणि त्यानंतर जो मागेल त्याला शिकवले. "घ्या, आहे तेवढी घ्या. नाव हुडी ब्रेस्लिनचं लावा." पण पोरांनी हुडीला कुठे बघितलंय? त्यांनी घेतली बाईंकडून, म्हणून नाव पडलं ‘ऑनर ब्रेस्लिनची’. शाळेतल्या मास्तरांच्या मुलीने तिला तिसरा भागही जोडला. चांगला आहे, खोटं कशाला बोलू. बाईंनी नावावरून दोनदा भांडण काढलं, मग सोडून दिलं.

दर रविवारी दुपारी पबमध्ये कुणीतरी म्हणतंच, "ऑनर ब्रेस्लिनची होऊ दे." बाई दोन भाग सगळ्यांबरोबर वाजवतात. तिसरा आला की गज मांडीवर ठेवतात.

मागच्या रविवारी गॉलवेहून आलेल्या एका माणसाने त्यांना विचारलं, "म्हणजे ती ऑनर ब्रेस्लिन तुम्हीच?"

"हो," बाई म्हणाल्या. "नाव बरोबर पडलंय. ती अशी झाली ती माझ्यामुळेच."

त्याला वाटलं, धून यांनीच बांधली. त्याने उठून आदराने त्यांचा हात हातात घेतला, आणि बाईंनी तो सोडवून घेतला नाही.